अमृत सरांना मिळालेला शब्द

पुरुषोत्तमनगरच्या कारखाना वसाहतीत अमृत सरांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याकडून इंग्रजीचं एखादं वाक्य ज्याच्या पदरात पडलं नाही असा तर मुळीच नाही. माणूस काय तब्येत दाखवायला निघालाय की लग्नाचं आवतण द्यायला, याच्याशी सरांना देणंघेणं नसे. ते त्याला अडवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, ‘‘बरं, याला इंग्रजीत काय म्हणशील?’’ बिचारा घाईत असला तरी सुटका नसे. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. फक्त भिंती तेवढ्या गेल्या.

आता हे वेड कुठून लागलं तेही सांगायला हवं, नाहीतर माणूस नुसताच चक्रम वाटेल. सर मूळचे नंदुरबारजवळच्या कोरीटचे. घरी चार भाऊ, शेती, आणि सगळा कारभार अहिराणीत. पोरगं हुशार निघालं म्हणून शिकलं आणि बी.एड.साठी नाशिकला गेलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून पाठ घेताना त्याच्या तोंडून ‘हे पुस्तक माझं शे’ असं, ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’, निघून गेलं. बस. सगळा वर्ग खो खो हसला, शिकवणारे प्राध्यापकही हसले, आणि वर्षभर त्याला सगळे ‘शे’ म्हणूनच हाक मारत राहिले. अमृतने त्या वर्षी कानाला खडा लावला. आपलं जे झालं ते झालं, पण आपल्या लेकरावर कोणी असं हसता कामा नये.

लेकरू एकच झालं. चेतना. आणि बापाने खडा तिच्याही कानाला लावला. घराच्या पुढच्या खोलीत शुद्ध मराठी नाहीतर इंग्रजी, तिसरी भाषा नाही. सर मारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पोर अहिराणीत काही बोलली तर ते जेवत राहायचे, जसं काही कोणी बोललंच नाही. ‘‘पप्पा, माले वरण वाढा ना,’’ म्हटलं की ढिम्म. ‘‘पप्पा, मला वरण वाढा,’’ म्हटलं की लगेच हसून वाढायचे. पाच वर्षांची पोर चार दिवसांत शिकली. सरांना त्याचा केवढा अभिमान! शिक्षक-खोलीत ही युक्ती ते इतरांनाही सांगत.

स्वयंपाकघर मात्र सरांच्या बायकोचं, रेवाबाईचं राज्य होतं. ती आठवी शिकलेली, सरळ स्वभावाची आणि नवऱ्याच्या शिस्तीला तोंडावर ‘हो’ म्हणणारी. चुलीपाशी मायलेकींचं सगळं अहिराणीतच चाले. रुसणं, भांडणं, शाळेतल्या मुलींच्या चहाड्या, पोटात दुखतंय, भीती वाटते, सगळं. पोर डोळे पुसून उंबरठा ओलांडायची आणि पुढच्या खोलीत येऊन म्हणायची, ‘‘पप्पा, माझा गृहपाठ झाला.’’ सरांना वाटायचं, आपली मुलगी किती शहाणी, कधी रडत म्हणून नाही.

पोर खरंच पुढे गेली. पुण्यात इंजिनिअर झाली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली. तिच्यावर कोणीही हसलं नाही. बापाने मनात धरलं होतं ते तंतोतंत झालं, हे कबूल करायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी रेवाबाई गेल्या. तेव्हा चेतना आली, तेरा दिवस राहिली, परत गेली. तेव्हापासून दर रविवारी अकराच्या सुमाराला तिचा बापाला फोन येई. तब्येत, हवापाणी, गॅस सिलिंडर. दहा मिनिटांत संपे. सर त्या दहा मिनिटांची आठवडाभर वाट बघत, आणि फोन आला की काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. मग ते हमखास जमणारा विषय काढत: ‘‘तिकडे नवीन काही ऐकलंस का?’’ म्हणजे नवीन इंग्रजी. सरांची एक लांबट वही होती. पुस्तकात न सापडणारं, तिकडची माणसं रोज बोलतात तसलं इंग्रजी त्या वहीत जायचं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोन आला. दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि चेतना येणार होती. सरांनी तिची खोली झाडून ठेवली होती.

‘‘पप्पा, दिवाळीला नाही जमणार यायला.’’

‘‘का ग?’’

‘‘असंच... जरा...’’ ती थांबली. ‘‘इट्स अ बिट ऑफ अ बमर, पप्पा.’’

‘‘काय? काय म्हणालीस?’’ सर ताठ बसले. ‘‘बमर? थांब, थांब, वही आणतो.’’

वही आणली, पेन सापडेना, पेन सापडलं. पोर तिकडे फोन धरून बसलेली. ‘‘हां, आता स्पेलिंग सांग.’’ तिने सांगितलं. ‘‘अर्थ?’’

‘‘म्हणजे... मनासारखं झालं नाही की म्हणतात. हिरमोड झाला की.’’

‘‘छान. उदाहरण दे.’’

‘‘सहलीला निघालो आणि पाऊस आला. मॅचला गेलो आणि तिकिटं संपली.’’

‘‘साहेबापुढे चालतो का हा शब्द?’’

‘‘नको. मित्रांमध्ये म्हणतात. घरी म्हणतात.’’

‘‘म्हणजे अनौपचारिक.’’ सरांनी लिहिलं. बऱ्याच दिवसांनी असा ताजा, रसरशीत शब्द मिळाला होता, आणि शब्द मिळाला की त्याच्या चारी बाजू तपासल्याशिवाय सर त्याला सोडत नसत. ‘‘बरं, किती मोठ्या गोष्टीला चालेल? परीक्षेत नापास झालं तर?’’

‘‘चालेल.’’

‘‘नोकरी गेली तर?’’

‘‘चालेल, पप्पा.’’

‘‘आणि समजा कोणी गेलं, वारलं, तर?’’

पलीकडून काही आलं नाही. सरांना वाटलं लाइन तुटली. ‘‘हॅलो? हॅलो?’’

‘‘नाही पप्पा. तेव्हा नाही म्हणत.’’

‘‘मग काय म्हणतात?’’

‘‘तेव्हा काही म्हणत नाहीत.’’

‘मरणासाठी नाही,’ असं सरांनी वहीत लिहून खाली रेघ मारली. ‘‘व्हेरी गुड. हां, दिवाळीचं काय म्हणत होतीस?’’

‘‘काही नाही. सुट्टी मिळत नाहीये.’’

‘‘असू दे, असू दे. पुढच्या वर्षी ये,’’ सर म्हणाले. दिवाळीचं वाईट वाटलं, नाही असं नाही, पण शब्दाचा आनंद त्याहून मोठा होता. आज ते स्वतःच्या तोंडाने हे सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला त्यांच्याकडे बघवत नाही.

पुढचे चार महिने वसाहतीत ‘बमर’ची नुसती साथ आली. नळाला पाणी आलं नाही, बमर. उसाची ट्रॉली रस्त्यात कलंडली, बमर. शहाद्याची बस हुकली, बमर. चहाच्या टपरीवर सरांचे जुने मित्र नवनीत बसत. कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, आता निवृत्त. त्यांना इंग्रजीचा कंटाळा, पण हा शब्द त्यांनाही भावला. भजी संपली की तेच आधी ओरडत, ‘‘सर, बमर व्हयनं!’’ आणि सगळी टपरी हसे.

सर एवढ्यावर थांबले असते तर एकवेळ बरं होतं. पण शब्द जिने दिला तिला तो वापरून दाखवायला नको का? शिक्षकाचा स्वभाव. ते रोज सकाळी चेतनाला व्हॉट्सअॅपवर एक वाक्य पाठवू लागले. ‘आज लाइट नाही, बमर.’ ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, बमर.’ पुढे एक पिवळं रडकं तोंड, मग एक हसरं. चेतनाचं उत्तर यायचं, ‘हा हा पप्पा.’ कधी नुसता अंगठा. फेब्रुवारीत तर आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही, रविवारचा फोनही नाही. सरांनी तेव्हा पाठवलं, ‘मॅडम फार बिझी? माझ्यासाठी बमर!’ आणि तीन हसरी तोंडं.

त्याच आठवड्यात कोरीटचे झिपरूकाका गेले. सरांचे चुलत चुलते, नव्वदीला आलेले. दारावर जायला हवं होतं. आपल्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आत त्या घरी जाऊन बसायचं असतं. ओट्यावर सतरंजी असते, डोक्याला रुमाल बांधून बसायचं, पाणी दिलं तर घ्यायचं, थोड्या वेळाने उठून ‘येतो’ न म्हणता निघायचं. फार बोलायचं नसतं. अमृत सर याबाबतीत पक्के. इंग्रजीपायी जिभेला हाड नसलेला हा माणूस दारावर मात्र मुका बसायचा, आणि भावकीतलं एकही दार त्यांनी चुकवलं नव्हतं. नवनीतही सोबत आले.

कोरीटला ओट्यावर पाचसात माणसं होती. सरांच्या पुतण्याची बायको रोहिणी पाणी फिरवत होती. ती चेतनाच्याच वयाची, माहेरही गावातलंच, गावात अंगणवाडी सांभाळते. लहानपणी चेतना सुट्टीत कोरीटला आली की दोघींची गट्टी असायची. नवनीतना गप्प बसणं जड जात होतं. ते सरांच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘‘सर, म्हातारा चांगला व्हता. बमर व्हयनं.’’

सरांच्या कपाळाला आठी पडली. चुकीचा प्रयोग त्यांना दारावरही सहन झाला नाही. ‘‘नाही,’’ ते हळू पण ठणकावून म्हणाले, ‘‘मरणाला हा शब्द चालत नाही. चेतनाने मला स्वतः सांगितलंय. हा लहानसहान गोष्टींचा शब्द आहे.’’

रोहिणी तांब्या घेऊन तिथेच उभी होती. तिने सरांकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं आपल्या बोलण्याचाच राग आला हिला, दारावर इंग्रजी शिकवतोय म्हणून. ते ओशाळले. पण उठून निघाले तेव्हा ती मागच्या दाराने वळसा घालून गोठ्यापाशी आली.

‘‘आप्पा, हाई तुमले चेतनाताईनी कधय सांगं?’’

‘‘कोणतं? तो शब्द? दिवाळीच्या आधी. ऑक्टोबरात, येणार नाही म्हणाली त्या रविवारी.’’

रोहिणीचा हात तोंडाशी गेला. ‘‘तोच रविवार. सांजले माले फोन उना तिन्हा.’’ तिने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ‘‘तुमले काहीच सांगं नही का तिनी?’’

‘‘काय सांगायचं होतं?’’

‘‘तिन्ही पोर गयी, आप्पा. पोटमा पाच महिनानी व्हती. तासभर रडनी ती माले फोनवर. मी म्हणू, तुमले माहीत शे.’’ ती थांबली आणि मग, आता लपवून काय उपयोग असं वाटून, पुढचंही बोलून गेली. ‘‘याच महिनामा बाळंतपणनी तारीख व्हती तिन्ही. मागला आठवडामा.’’

सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसाशी असलं काही बोलायचं नसतं, म्हणून ती चार महिने गप्प होती. बापालाही या गोष्टी थेट कोणी सांगत नाही. त्या आईच्या तोंडून बापापर्यंत जायच्या असतात. आई असती तर गेल्या असत्या. दिवस राहिल्याचं गुपितच राहिलं होतं, दिवाळीला येऊन चेतना ते सांगणार होती. सरांनी गोठ्याची दावण धरली. नवनीत हाका मारत होते, बस निघेल म्हणून. सरांना त्या ऐकू आल्या नाहीत आणि या वेळी त्यात सोंग नव्हतं.

बसने प्रकाशा गाव मागे टाकलं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि चार महिन्यांचे स्वतःचे निरोप वरून खाली वाचत गेले. नळाचं पाणी. बस. लाइट. वरणाला करपट वास. प्रत्येकापुढे तो शब्द आणि ती पिवळी तोंडं. मधेमधे पोरीचं ‘हा हा पप्पा’. सगळ्यात खाली, मागच्या आठवड्यातलं, ‘मॅडम फार बिझी?’ नवनीतनी विचारलं, ‘‘सर, काय व्हयनं?’’ सरांनी मान हलवली. भर बसमध्ये रडू आलं, आणि ते त्यांनी रुमालाने झाकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर सकाळी सातलाच आंघोळ करून फोनपाशी बसले. एवढं त्यांना कळून चुकलं होतं की पोरीने जे रोहिणीला सांगितलं ते बापाला सांगितलं नाही, कारण ज्या भाषेत ती रडू शकत होती ती भाषा बापाने ऐकायचीच नाही असं ठरवलं होतं. तिच्यासाठीच ठरवलं होतं, चांगल्यासाठी. पण त्याने आज काय होतं? चार तास त्यांनी मनात तयारी केली. त्यांना एकच हवं होतं, पोरीने सांगावं आणि आपण ऐकावं. दुसरं काही नको.

अकराला फोन वाजला.

‘‘हॅलो पप्पा, कसे आहात? मागच्या रविवारी जमलं नाही.’’

‘‘चेतना,’’ सर म्हणाले आणि मग आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी आपल्या घरच्या भाषेत बोलले. ‘‘माय, माले रोहिणीनी सांगं. तुन्ही पोर गयी ते. माले काहीच माहीत नव्हतं.’’

तिच्या मागे कुठेतरी पाखरं ओरडत होती, तिकडची, वेगळ्याच आवाजाची.

‘‘पप्पा,’’ ती शुद्ध मराठीत म्हणाली, ‘‘तुम्ही असं का बोलताय?’’

‘‘कसं?’’

‘‘आईसारखं.’’

मग त्यांनी विचारायचा तो प्रश्न विचारला. ‘‘माले का नही सांगं, बेटा? रोहिणीले सांगं, माले का नही?’’

‘‘रोहिणीला संध्याकाळी सांगितलं. आधी तुम्हालाच फोन केला होता.’’ तिचा आवाज शांत होता, सर वर्गात ज्याला उत्तम आवाज म्हणत तसा, चढउतार नसलेला. ‘‘दवाखान्यातून आदल्या दिवशीच घरी आले होते. सुरुवात कुठून करायची कळेना, म्हणून ते तसं तोंडातून गेलं. म्हटलं, पप्पा विचारतील काय झालं. मग नीट सांगते.’’ ती जराशी हसली, खरंच हसली. ‘‘तुम्ही विचारलंतही खूप. किती खूश होतात त्या दिवशी. आई गेल्यापासून मी तुम्हाला इतकं खूश ऐकलंच नव्हतं. मग वाटलं, राहू दे.’’

सर रडत होते. आवाज दाबायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाने मुलीपुढे असं रडू नये, हाही त्यांचाच जुना नियम. ‘‘आते सांग ना, माय,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं सांग. मी ऐकस. कितीबी येळ लागू दे.’’

सर थांबले. मधे एक शब्दही टाकला नाही.

‘‘आता काय सांगू पप्पा,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘तेव्हा सांगायचं होतं. आता तर मला रडूही येत नाही.’’

पाखरं ओरडत राहिली. मग तिने नेहमीच्या सुरात विचारलं, बीपीची गोळी घेतली का. सकाळपासून सरांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ‘‘घेतली,’’ ते मराठीत म्हणाले, ‘‘सगळं ठीक आहे.’’